पेल्यातले दूध आणि डब्यातली पूड

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, महाराष्ट्राची हद्द संपता संपता दुधनी लागते. अक्कलकोट तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. तुरीचा आणि इतर कडधान्यांचा व्यापार येथे मोठा. शेजारी कर्नाटक असल्यामुळे अनेक घरांतून कन्नड बोलली जाते. दुधाला घरात 'हालु' म्हणणारे मूल शाळेत 'दूध' म्हणते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. गावाच्या नावात दूध असले तरी भोवतालचा मुलूख बराचसा कोरडवाहू आहे. ज्वारी, तूर आणि पावसाची वाट पाहणे हेच इथले वर्षाचे गणित.

येथील काही शिक्षकांबरोबर आम्ही एकदा आहाराच्या धड्याविषयी बोलत बसलो होतो. एका बाईंनी सातवीच्या वर्गातला अनुभव सांगितला. "दूध का प्यावे?" असे त्यांनी विचारले, तेव्हा एका मुलाने उत्तर दिले, "ताकद पुडीत असते बाई. दूध ती कालवायला लागते." पूड म्हणजे किराणा दुकानात बरण्यांतून आणि छोट्या पाकिटांतून मिळणारी, दुधात घालायची तपकिरी चॉकलेटी पूड. बाईंची खरी अडचण पुढेच होती. त्या मुलाच्या घरी आईने पाकीट आणायला सुरुवात केली होती आणि दोन्हींचा खर्च झेपत नाही म्हणून दूध अर्ध्यावर आणले होते. पेला तेवढाच भरावा म्हणून उरलेल्या जागी पाणी!

या उत्तरावर हसून पुढे जाणे आम्हाला जमले नाही. दूध ही नुसती कालवण्याची वस्तू आणि पोषण मात्र पुडीत, ही समजूत त्या मुलाने स्वतः शोधून काढलेली नाही. तिला मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या देशाच्या फार बाहेर सुरू होतो.

कोकोचे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील माया, अझ्टेक इत्यादी लोक त्याच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून दगडावर वाटत. आपल्या पाटावरवंट्याची आठवण यावी असेच ते साधन होते. या वाटणापासून ते जे पेय करीत, ते गोड नव्हते. त्यात मिरची असे, सुगंधी फुले असत आणि पुष्कळदा मक्याचे पीठ असे. बिया तर इतक्या मोलाच्या की त्या नाण्यासारख्या चालत. १५१९ साली कोर्तेस मेक्सिकोत उतरला आणि पुढे हे पेय स्पेनमध्ये गेले. तेथे मका मागे पडला आणि साखर आली. ही अदलाबदल आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मक्याच्या पिठाने ते पेय एक प्रकारची आंबील होते. पोटाला आधार देणारा भाग त्यात होता. साखरेने ते चैनीची वस्तू झाले.

कोकोच्या बीमध्ये जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांशाचा असतो. बी वाटून गरम पाण्यात घातले की वर तुपासारखा तवंग येतो. हा तवंग ही युरोपातील कोको विकणाऱ्यांची जुनी डोकेदुखी होती. उपाय म्हणून ते कोकोत साबुदाणा, आरारूट, बटाट्याचे पीठ असे पिष्टमय पदार्थ मिसळीत. तवंग धरून ठेवला जाई आणि वजनही वाढे. मग रंग फिका पडू लागला, तेव्हा तो गडद करण्याची युक्ती निघाली. १८५० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये आर्थर हिल हॅसल या डॉक्टरने बाजारातले खाद्यपदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्याचे निष्कर्ष विक्रेत्यांच्या नावांसकट छापून आले. कोकोच्या अनेक नमुन्यांत त्याला पिष्टाचे कण दिसले. काहींमध्ये तांबडी माती, विटेचा चुरा निघाला. भेसळीविरुद्धचे ब्रिटिश कायदे १८६० आणि १८७५ साली झाले, त्यामागे या तपासणीचा मोठा वाटा आहे. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बटाट्याचे पिष्टकण दाखवताना ही हकीकत मुलांना अवश्य सांगावी. त्याच कणांनी एका काळी व्यापाऱ्यांची झोप उडवली होती.

तवंगाचा खरा उपाय त्याआधीच हॉलंडमध्ये निघाला होता. १८२८ साली व्हान हाउटेन या पितापुत्रांच्या कारखान्यात बियांचे वाटण दाबयंत्रात घालून त्यातला बराचसा स्निग्धांश पिळून काढण्याची रीत सुरू झाली. मागे राहिलेली पेंड दळली की कोकोची भुकटी तयार. आपल्याकडे तेलघाण्यात शेंगदाण्याची पेंड उरते तसाच हा प्रकार. भुकटीवर अल्काची, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराची, क्रिया केली की तिचा आंबट-तुरटपणा कमी होतो आणि ती पाण्यात चांगली मिसळते. (कोकोतील फ्लॅव्हॅनॉल नावाच्या ज्या द्रव्यांचा हृदयाला उपयोग होतो का यावर अलीकडे बरेच संशोधन झाले, ती द्रव्ये याच क्रियेत मोठ्या प्रमाणात नाश पावतात. चव सुधारते, द्रव्य जाते.) बर्मिंगहॅमच्या कॅडबरी बंधूंनी हे डच यंत्र आणून १८६६ साली पिष्ट न मिसळलेला कोको बाजारात आणला आणि 'निव्वळ शुद्ध' अशी त्याची जाहिरात केली. भेसळीच्या बातम्यांनी लोक धास्तावलेले होते, त्यामुळे शुद्धता हाच विकण्याचा मुद्दा झाला. मात्र शुद्ध असणे आणि पौष्टिक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत त्या हळूहळू एकच होऊन गेल्या.

कोकोच्या भुकटीत तसे पाहिले तर पुष्कळ काही आहे. सुमारे पाचवा भाग प्रथिने, भरपूर तंतू, मॅग्नेशियम, लोह. पण ती कडू असते आणि पेल्यात चमचाभरच पडते. चमचाभर भुकटी म्हणजे पाच ग्रॅम. त्यातून प्रथिने एक ग्रॅम. तरतरी वाटते ती थिओब्रोमीन आणि थोड्या कॅफीनमुळे. चहाने वाटते त्याच जातीची ती तरतरी. तिला ताकद म्हणता येणार नाही.

ताकदीची कल्पना या गोष्टीत आली ती दुसऱ्या दाराने, आणि ते दार आपल्या ओळखीचे आहे. मोड आलेले धान्य! बार्ली भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे आणि दळायचे. याला माल्ट करणे म्हणतात. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या भावांनी १८७३ साली माल्टचे पीठ घातलेला बालाहार विकायला सुरुवात केली आणि १८८३ साली दूध व माल्ट एकत्र वाळवून केलेल्या भुकटीचे पेटंट घेतले. तान्ह्या मुलांना आणि आजाऱ्यांना पचायला हलके अन्न, हा तिचा हेतू. स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या अल्बर्ट वांडर यांनी १९०४ साली माल्ट, दूध, अंडे आणि कोको एकत्र करून 'ओव्होमाल्टिन' काढले. इंग्लंडात १९३२ साली 'बोर्नव्हिटा' आले, ऑस्ट्रेलियात १९३४ साली 'मायलो'.

माल्टमागचे विज्ञान खरे आहे आणि वर्गात करून दाखवण्यासारखे आहे. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते. पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून त्यांच्या छोट्या शर्करा करणे हे त्याचे काम. दोन भांड्यांत सारख्याच पिठाची घट्ट पेज शिजवा. हाताला सोसेल-न-सोसेल इतकी गरम असताना एका भांड्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ घालून ढवळा. थोड्या वेळात ती पेज पातळ होऊन डावातून वाहू लागते. दुसरी तशीच घट्ट राहते. उकळत्या पेजेत पीठ घालू नये, विकर नष्ट होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच तत्त्वावर लहान मुलांच्या आहाराचे प्रयोग केले. बाळाचे पोट लहान; पेज पातळ करायला पाणी घातले की अन्न कमी पडते, आणि मोडाच्या पिठाने पातळ केली की तेवढ्याच वाटीत जास्त धान्य पोटात जाते. एक सावधगिरी मात्र हवी. हा प्रयोग ज्वारीच्या मोडांनी करू नये. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड देणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते, हे सोलापूरकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

सारांश, माल्ट हे मुळात धान्यच. त्याचा अर्क काढून आटवला म्हणजे त्यात मुख्यतः माल्टोज ही शर्करा उरते. त्यात आणखी साखर घातली, कोको घातला, की ओळखीची तपकिरी पूड झाली. अमेरिकेत तर १९५० च्या दशकापासून नुसत्या गरम पाण्यात मिसळायची कोकोची पाकिटे निघाली. साखर, दुधाची किंवा निवळीची भुकटी आणि थोडा कोको. अशा एका पाकिटातून मिळणारी प्रथिने असतात एक-दोन ग्रॅम. पूड स्वतः किती पोसते, हे तिच्या भोवतीचे दूध काढून घेतले की असे उघडे पडते.

आपल्याकडे कॅडबरी कंपनी १९४८ साली मुंबईत आली आणि बोर्नव्हिटाही तेव्हापासून आला. पुढे ठाण्याला आणि तळेगावजवळ इंदुरीला कारखाने झाले. शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत परीक्षेच्या दिवसांत ही पूड आणण्याची पद्धत पडली. १९७२ साली कंपनीने शाळाशाळांतल्या मुलांसाठी बोर्नव्हिटा प्रश्नमंजूषा सुरू केली. ती नंतर आकाशवाणीवर सयानी बंधूंच्या आवाजात घरोघर पोचली. स्पर्धा चांगली होती हे मान्य केलेच पाहिजे. तिने अनेक मुलांना वाचनाची गोडी लावली. पण हुशार मूल आणि तो डबा यांची जोडीही तिने कायमची जुळवली.

त्याच १९७२ साली सोलापूर जिल्ह्यात काय चालले होते? दुष्काळ. खडी फोडणे, नालाबांध, रस्ते अशा कामांवर माणसे राबत होती. कामावरच्या मजुरांना आणि मुलांना सुकडी वाटली जाई. धान्याचे पीठ, गूळ, तेल असा तो कोरडा खाऊ ज्यांनी खाल्ला, त्यांना अजून त्याची चव आठवते. रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी येई, तिला सगळे 'मिलो' म्हणत. मालदांडीच्या पांढऱ्या भाकरीवर वाढलेल्या लोकांना ती घशाखाली उतरत नसे. इंग्रजी लिपीत या ज्वारीचे नाव आणि ऑस्ट्रेलियातल्या त्या चॉकलेटी पेयाचे नाव अक्षर न् अक्षर सारखे आहे! दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही; पेयाला नाव पडले ते मायलो या प्राचीन ग्रीक मल्लावरून. पण अक्कलकोट तालुक्यातल्या माणसाला त्या नावाने तपकिरी पेला आठवत नाही, रेशनची रांग आठवते.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९५० च्या दशकातच स्वस्त पोषणाची एक भुकटी तयार केली होती. तीन भाग तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ, एक भाग हरभऱ्याचे पीठ, वर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे. तिच्यात प्रथिने सुमारे ४० टक्के होती. दोन्ही पिके आपल्या मातीतली. तरीही ती डब्यात बसून घराच्या फळीवर कधी आली नाही. चव हे एक कारण असेल. पण तिला गाणे नव्हते, चेंडूफळीचा खेळाडू नव्हता आणि प्रश्नमंजूषाही नव्हती, हे आमच्या मते अधिक मोठे कारण.

आता पेल्याचा हिशेब मांडू. २०० मिलिलिटर दूध आणि २० ग्रॅम पूड, हे बहुतेक डब्यांवर लिहिलेले प्रमाण. गाईच्या दुधात दर १०० ग्रॅमला ३.२ ग्रॅम प्रथिने व १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते; म्हशीच्या दुधात ४.३ ग्रॅम व २१० मिलिग्रॅम. म्हणजे गाईच्या दुधाच्या पेल्यातून ६.४ ग्रॅम आणि म्हशीच्या दुधाच्या पेल्यातून ८.६ ग्रॅम प्रथिने मिळाली. चॉकलेटी पुडीत प्रथिने साधारण ७ टक्के धरली तर २० ग्रॅममधून १.४ ग्रॅम. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे २०२० चे कोष्टक सांगते. पेलाभर गाईचे दूध यातला चौथ्या हिश्शाहून अधिक भाग देते. पूड सतराव्या हिश्शाच्या आसपास. कॅल्शियमचे दुधातून २४० ते ४२० मिलिग्रॅम येतात. दुधनीच्या त्या घरात दूध अर्धे करून पाणी घातले, तेव्हा गाईच्या दुधातली ३.२ ग्रॅम प्रथिने आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम गेले आणि १.४ ग्रॅम प्रथिने आली. घरी म्हैस असेल तर तोटा याहून मोठा.

मग आले काय? साखर. बोर्नव्हिटाच्या बाबतीत हे आकडे सार्वजनिक झाले आहेत. २०२३ पर्यंत १०० ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅम होती, म्हणजे २० ग्रॅमच्या मात्रेत साडेसात ग्रॅम. कंपनीनेच ती सुमारे दीड चमचा असल्याचे सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये हे प्रमाण ३२.२ ग्रॅमवर आणले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे वरून घातलेल्या व तत्सम साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी, ५ टक्क्यांच्या खाली आली तर उत्तम. मुलाची दिवसाची ऊर्जा १७०० किलोकॅलरी धरली तर हा आकडा ४२ ग्रॅम आणि २१ ग्रॅम होतो. एका पेल्याने मर्यादा ओलांडली जात नाही हे खरे. पण घरोघरी चमचा शीग भरून घेतात, त्यावर आणखी साखर घालतात, सोबत बिस्किटे असतात आणि सकाळचा चहा तर आधीच झालेला असतो.

पुडीची बाजूही मांडली पाहिजे. तिच्यात लोह, ड जीवनसत्त्व, ब गटातली जीवनसत्त्वे मिसळलेली असतात. दुधात लोह जवळजवळ नसतेच, म्हणून ही भर नगण्य म्हणता येणार नाही. जरी दुधातले कॅल्शियम आणि कोकोतील पॉलिफिनॉल हे दोन्ही लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. शिवाय जे मूल पांढऱ्या दुधाकडे बघतही नाही ते तपकिरी दूध गटगटा पिते, हा आयांचा अनुभव खोटा नाही. त्या मुलाच्या बाबतीत पुडीने दूध पोटात घातले, एवढे श्रेय तिला द्यावे. पण तेच काम चिमूटभर वेलची किंवा गुळाचा खडाही करतो. आणि २० ग्रॅम वजनाचाच विचार करायचा तर २० ग्रॅम शेंगदाण्यांत ५ ग्रॅम प्रथिने असतात, २० ग्रॅम नाचणीत सुमारे ७० मिलिग्रॅम कॅल्शियम. शेंगाचटणीच्या जिल्ह्यात शेंगदाणे शोधायला दूर जावे लागत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये एका तरुणाने या पुडीतील साखरेविषयी ध्वनिचित्रफीत प्रसिद्ध केली, कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर ती मागे घेतली, आणि तोवर ती लाखो लोकांनी पाहिली होती. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला. पुढच्या चौकशीत असे पुढे आले की २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची काही वस्तूच नाही! एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने इंटरनेटवरून माल विकणाऱ्या कंपन्यांना अशी पेये या सदराखालून काढण्यास सांगितले. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या सध्याच्या मालक कंपनीनेही आपल्या सदराचे नाव बदलले. पाऊणशे वर्षे लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द कायद्याच्या पुस्तकात कधी नव्हताच. हॅसलला विटेचा चुरा शोधायला सूक्ष्मदर्शक लागला होता. येथे साखर डब्यावर छापलेली होती, फक्त बारीक अक्षरात आणि मागच्या बाजूला.

२०२० च्या लेबलविषयक नियमांनी वरून घातलेली साखर वेगळी दाखवणे आवश्यक केले आहे, आणि घटकांची यादी जास्त वजनाच्या घटकापासून कमीकडे अशीच लावावी लागते. हे दोन नियम कळले की सातवीच्या मुलाला डबा वाचता येतो. दुधनीच्या बाईंनी पुढच्या आठवड्यात मुलांना घरातली रिकामी पाकिटे व डबे आणायला सांगितले. फळ्यावर तीन रकाने आखले: वस्तू, तिची गावातली किंमत, आणि दहा रुपयांत मिळणारी प्रथिने. दूध, पूड, शेंगदाणे, फुटाणे, तुरीची डाळ, ज्वारी. किमती मुलांनी स्वतः बाजारात जाऊन विचारून आणल्या. गणिताच्या तासाला भागाकार झाला आणि ज्या मुलाने ते पहिले उत्तर दिले होते, त्याने पुडीचा भागाकार दोनदा करून पाहिला.

आपल्या वर्गातही हा तक्ता करून पाहावा. किमती गावोगाव वेगळ्या असतात, दुधाची तर फारच. आपले आकडे, महिना आणि गावाचे नाव यांसह, आम्हाला जरूर कळवा.